चांदणी कासव सापडलं? आधी बादली बाजूला ठेवा

रात्री साडेनऊच्या सुमारास फोन येतो. "सोसायटीच्या बागेत कासव सापडलंय, पाठीवर चांदण्या आहेत. काळजी करू नका, आम्ही लगेच पाण्यात ठेवलंय." काळजी सुरू होते ती त्या शेवटच्या वाक्याने.

चांदणी कासव, बाजाराच्या भाषेत 'स्टार', हे जमिनीवरचं कासव आहे. त्याला पोहता येत नाही. त्याचं मूळ घर म्हणजे गुजरात-राजस्थान आणि त्याला लागून असलेला सिंध, दक्षिणेत आंध्र, तमिळनाडू, कर्नाटकाचा कोरडा पूर्व भाग, आणि श्रीलंका. काटेरी झुडपं, गवताळ माळ, शेताचे बांध अशा जागी ते राहतं. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत ते चालत आलेलं नसतं. कुणीतरी 'घरात लक्ष्मी टिकते' म्हणून विकत आणलेलं असतं, आणि मग ते सुटतं किंवा अंधारात गुपचूप सोडलं जातं.

शहरात प्राणी सोडवणाऱ्या एका गटासोबत काम करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लोकांचा हेतू चांगला असतो, क्रम चुकतो. आधी पाणी, मग काकडी-टोमॅटो, मग फोटो, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, आणि वन विभागाला फोन दुसऱ्या दिवशी दुपारी. खाली तोच क्रम सरळ करून दिला आहे. कासव दिसल्यापासून ते सरकारी ताब्यात जाईपर्यंतचा हा प्रवास आहे. कासव 'पाळायचं कसं' हे इथे मिळणार नाही, कारण हे कासव घरात ठेवणं गुन्हा आहे.

## तयारी : पाच मिनिटांत जमणारं सामान

• पुठ्ठ्याचा खोका. लांबी-रुंदी कासवाच्या साधारण दुप्पट, उंची कासव मागच्या पायांवर उभं राहिलं तरी पुढचे पाय काठावर पोहोचणार नाहीत इतकी. ही कासवं अपेक्षेपेक्षा चांगली चढतात.
• जुनी वर्तमानपत्रं आणि एक जुना सुती टॉवेल.
• उथळ परात किंवा ट्रे. ती पुन्हा स्वयंपाकात वापरायची नाही, म्हणून टाकाऊ असलेलीच घ्या.
• मेडिकलच्या दुकानातलं सलाइन आणि गॉज.
• वजनकाटा असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही.
• हातमोजे. नसतील तर साबण.

खोक्याला भोकं कासव आत ठेवण्याआधीच पाडा, तीही वरच्या बाजूला, पेन्सिल जाईल एवढी. कासव आत असताना सुरी खुपसणारे लोक मी पाहिले आहेत.

फिशटँक, टब, बादली, फिल्टर यातलं काहीही लागत नाही. काचेची पेटी तर नकोच. काच ही भिंत आहे हे कासवाला उमगत नाही, ते तासन् तास तिच्यावर तोंड घासत राहतं आणि नाकाची कातडी सोलून घेतं.

## टप्पा १ : आधी पाय बघा, पाठ नंतर

पाठीवरची नक्षी बघून ओळख पटवायला गेलात तर फसण्याची शक्यता आहे. पायांवरून सहसा फसगत होत नाही.

जमिनीवरच्या कासवाचे पाय हत्तीच्या पायांसारखे, खांबासारखे जाड असतात. पुढच्या पायांवर टणक खवले, बोटं वेगळी दिसत नाहीत, फक्त बोथट नखं बाहेर आलेली. पाण्यातल्या कासवाची बोटं सुटी दिसतात आणि त्यांच्यामध्ये पातळ पडदा असतो.

पाय हत्तीसारखे असतील तर आता पाठ बघा. पूर्ण वाढलेल्या चांदणी कासवाची पाठ घुमटासारखी उंच असते. कवचाच्या प्रत्येक तुकड्यावर मधोमध पिवळा ठिपका आणि त्यातून काळ्या रंगावर सर्व बाजूंना पिवळे पट्टे निघालेले असतात. पोटाच्या कवचावरही तसेच पट्टे असतात. अगदी लहान पिल्लात मात्र चांदण्या पूर्ण उमटलेल्या नसतात. पिवळसर कवचावर काळे डाग-पट्टे एवढंच दिसतं, त्यामुळे पिल्लं हमखास 'दुसरीच जात' म्हणून बाजूला पडतात.

आपल्याकडे घोटाळा होतो तो प्रामुख्याने दोन कासवांशी. एक म्हणजे विहिरी-तळ्यांत सापडणारं मऊ पाठीचं कासव : नाक सोंडेसारखं पुढे आलेलं, आणि मागचे पाय आत घेतले की पोटाखालच्या चामडी झडपा दारासारख्या बंद होतात. दुसरं म्हणजे डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात 'लकी टर्टल' म्हणून विकलं जाणारं अमेरिकन कासव. दोन्ही पाण्यातली. पहिलं इथलंच आहे आणि कायद्याने संरक्षितही, त्यामुळे फोन तोच करायचा. दुसरं परदेशी आहे, ते नदी-तलावात सोडलं तर इथल्या कासवांच्या वाट्याची जागा आणि अन्न खातं. म्हणजे तेही सोडायचं नाहीच.

खबरदारी : ओळख पटेपर्यंत कुठलंच कासव पाण्यात ठेवू नका. पाण्यातलं कासव सावलीत, ओल्या फडक्याखाली काही तास तग धरतं. जमिनीवरच्या कासवाला खोल पाण्यात तेवढी सवड मिळत नाही.

## टप्पा २ : उचलायचं की जाऊ द्यायचं?

या टप्प्यावर जागा महत्त्वाची. तुम्ही कच्छमध्ये, सौराष्ट्रात, राजस्थानात किंवा कर्नाटक-आंध्रच्या कोरड्या पट्ट्यात असाल, आणि रस्ता ओलांडणारं धडधाकट कासव दिसलं, तर ते 'सापडलेलं' नाही. ते आपल्या घरी आहे. ज्या दिशेला तोंड होतं त्याच दिशेच्या कडेला नेऊन ठेवा आणि गाडीत बसा. मागे वळवून ठेवलं तर ते पुन्हा रस्ता ओलांडायला येतं.

पावसाळ्यात ही कासवं दिवसभर फिरतात, मिलनाचा काळही तोच असतो. त्यामुळे त्या दिवसांत रस्त्यावर जास्त दिसतात. उन्हाळ्यात आणि थंडीत ती सकाळी आणि संध्याकाळीच हिंडतात, बाकी वेळ झुडपाच्या बुंध्याशी किंवा गवताच्या झुबक्यात दडून असतात. दुपारी निपचित बसलेलं कासव 'आजारी दिसतंय' म्हणून उचलून आणू नका.

महाराष्ट्रातल्या शहरात, बागेत, पार्किंगमध्ये, रेल्वे स्थानकावर बेवारस पिशवीत सापडलं, तर मात्र ते ताब्यात घ्या आणि पुढच्या टप्प्याला लागा.

## टप्पा ३ : दोन्ही हातांनी, आडवं, जमिनीजवळ

पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधल्या जागी, कवचाच्या दोन्ही बाजूंनी हात धरा. बर्गर धरतो तसं. कासव आडवंच राहू द्या आणि जमिनीपासून फार उंच नेऊ नका.

उचलल्याबरोबर फुस्स असा आवाज येईल. घाबरून सोडून देऊ नका. डोकं आणि पाय आत ओढायला जागा करावी लागते, म्हणून ते फुप्फुसांतली हवा बाहेर टाकतं, त्याचाच हा आवाज. चावण्याची तयारी वगैरे नाही.

दुसरं, ते बहुधा हातावर लघवी करेल. कोरड्या मुलखातल्या कासवासाठी मूत्राशय ही पाण्याची टाकी आहे. घाबरून ती रिकामी झाली की त्याचा साठा गेला. म्हणून एकदाच उचला, एकदाच ठेवा. शेजारपाजारच्या पोरांच्या हातात फिरवू नका.

उलटं करू नका. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून वरच्या बाजूला असतात आणि आपल्यासारखा श्वासपटल त्याला नसतो. उलटं केलं की आतड्यांचा सगळा भार फुप्फुसांवर येतो. पोट बघायचंच असेल तर कासव थोडं तिरकं करून खालून नजर टाका. (गंमत म्हणजे या जातीच्या घुमटाचा आकार असा आहे की उलटं पडलं तरी बरेचदा ते स्वतःच पालथं होतं. हंगेरीच्या दोन गणितज्ञांनी त्यावर अभ्यासही केला. पण तो आकार मातीसाठी आहे. गुळगुळीत टाइल्सवर पाय मारून मारून ते थकून जातं.)

तपासा : कवचाच्या मागच्या कडेला भोक आणि त्यात दोरी आहे का? पळून जाऊ नये म्हणून असं ड्रिल करणारे महाभाग आहेत. कवच म्हणजे नखासारखं मेलेलं आवरण नव्हे, ते हाड आहे. पाठीचा कणा आणि फासळ्या त्यालाच जोडलेल्या असतात आणि त्याला जाणीवही असते. दोरी ओढू नका, खोक्यात अडकणार नाही इतपत कापा. बाकीचं डॉक्टर बघतील.

## टप्पा ४ : दोन मिनिटांची तपासणी

इलाज करायचा नाही, फक्त बघायचं आणि लिहून ठेवायचं. फोनवर वन विभागाचा माणूस हेच विचारणार आहे.

डोळे उघडे की सुजून बंद? नाकातून पाणी किंवा बुडबुडे येतात का? तोंड उघडं ठेवून, मान लांब करून श्वास घेतंय का? कवचाला तडा, रक्त, माशा, अळ्या? चारही पाय हलतात का? उचलल्यावर दगडासारखं वजनदार लागतं की पोकळ डब्यासारखं हलकं? आकाराच्या मानाने हलकं लागणारं कासव बहुधा बरेच दिवस उपाशी आणि तहानलेलं असतं.

कवच अंगठ्याने अगदी हलकं दाबून बघा. पिल्लाचं थोडं लवचीक असतं, ते ठीक. मोठ्या कासवाचं कवच दबत असेल तर ते कॅल्शियमअभावी, उन्हाअभावी आजारी आहे. फ्लॅटच्या आत वर्षानुवर्षं काकडीवर ठेवलेल्या कासवांचं हेच होतं. पाठीवरच्या उंचवट्यांवरून मात्र लगेच निष्कर्ष काढू नका, या जातीत थोडे उंचवटे रानातल्या निरोगी कासवालाही असतात.

जखम असेल तर : सलाइनने धुवा, सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज ठेवा, वर सैल पट्टी. एवढंच. हळद नको, फेविक्विक नको, एम-सील नको. तडा वरून बंद केला की आतली घाण आतच सडते, आणि तो चिकटवलेला थर काढताना डॉक्टरांना कवचच खरवडावं लागतं. जखमी कासव माशा आणि मुंग्यांपासून दूर, झाकून ठेवा. अळ्या पडायला एक दिवस पुरतो.

'मेलंय' असं वाटलं तर : ठरवू नका. थंडीने गारठलेल्या कासवाची हालचाल इतकी मंदावते की अनुभवी माणूसही चकतो. खोक्यात ठेवा, निर्णय डॉक्टरांचा.

### ज्यांनी आधीच पाण्यात ठेवलं होतं त्यांच्यासाठी

कासव बुडालेलं किंवा मलूल मिळालं तर पोट जमिनीकडेच ठेवून डोकं खाली, शेपूट वर अशा तिरक्या स्थितीत धरा. मान हलकेच लांब करा, म्हणजे नाकातोंडातलं पाणी गळेल. पुढचे दोन पाय सावकाश आत-बाहेर हलवा. कासवाचा श्वास पायांच्या आणि खांद्यांच्या स्नायूंच्या हालचालीवर चालतो, त्यामुळे याने फुप्फुसांत थोडी हवा खेळते. तोंडात फुंकर घालू नका. मग कोरडं पुसून उबदार जागी ठेवा आणि ताबडतोब फोन करा.

ते अर्ध्या तासात चालायला लागलं तरी 'बरं झालं' असं धरू नका. फुप्फुसात गेलेल्या पाण्यातून न्यूमोनिया पुढच्या काही दिवसांत डोकं वर काढतो. कासव ताब्यात देताना 'हे पाण्यात होतं, इतका वेळ होतं' हे सांगायचंच. लाज वाटते म्हणून लोक ही एकच गोष्ट लपवतात, आणि डॉक्टरांना नेमकी तीच हवी असते.

## टप्पा ५ : खोका आणि तापमान

खोक्याच्या तळाशी वर्तमानपत्राचे चार-पाच थर, वर चुरगाळलेले कागद किंवा टॉवेल, म्हणजे पाय घसरत नाहीत आणि तोंड लपवायला आडोसा मिळतो. झाकण बंद. अंधारात कासव शांत बसतं.

एका खोक्यात एकच कासव. पिशवीत दहा पिल्लं सापडली तर निदान आजारी आणि धडधाकट वेगळी करा. तस्करीत ती कोंबून आणलेली असतात, एकाची सर्दी सगळ्यांना होते.

कासवाचं शरीर स्वतःची उष्णता तयार करून राखत नाही, भोवतालावर अवलंबून असतं. २५ ते ३० अंश त्याला सोसतं. मे महिन्यात खोका गच्चीवर, बाल्कनीत किंवा उभ्या गाडीत ठेवू नका. बंद गाडीत कासव काही मिनिटांत भाजून निघतं, आणि तोंडाला फेस आला की बहुधा उशीर झालेला असतो. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात उलटा प्रश्न. गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी हवी, म्हणजे जास्त गरम वाटलं तर त्याला सरकता येतं. बाटली दर दोन-तीन तासांनी बदला, गार पडलेली बाटली उलट ऊब ओढून घेते.

तपासा : खोका जमिनीवर, पंख्याच्या झोतापासून आणि कुत्र्या-मांजरांपासून दूर आहे ना? टेबलाच्या कडेवर ठेवलेला खोका कासव आतून ढकलून पाडतं.

## टप्पा ६ : फोन, आणि तो लगेच

महाराष्ट्र वन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६. तो लागला नाही तर जवळचं वनपरिक्षेत्र कार्यालय किंवा पोलीस ठाणं. ओळखीचे सर्पमित्र किंवा मानद वन्यजीव रक्षक मदत करतात, पण त्यांना सांगितलं म्हणजे विभागाला कळवलं असं होत नाही. विभागाला कळवल्याची खात्री स्वतः करा.

घाई का, तर यासाठी. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३९ प्रमाणे असा प्राणी शासनाची मालमत्ता असतो. तो कुठल्याही मार्गाने तुमच्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. शनिवारी संध्याकाळी सापडलेलं कासव 'सोमवारी बघू' म्हणत ठेवलं की ही मुदत सोमवारी संध्याकाळी संपते.

आणि चांदणी कासव आता साध्या यादीत राहिलेलं नाही. पूर्वी ते अनुसूची ४ मध्ये होतं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ते अनुसूची १ मध्ये गेलं, म्हणजे वाघाच्या रांगेत. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या बाबतीतही २०१९ मध्ये साइट्स करारात त्याला सर्वांत कडक यादीत, परिशिष्ट १ मध्ये, घातलं. 'दुकानदाराने पावती दिली होती' या वाक्याला काही अर्थ नाही. चांदणी कासव विकण्याची कायदेशीर पावती असूच शकत नाही.

फोनवर सांगायचं : कुठे, किती वाजता सापडलं, किती कासवं, जखम आहे का, पाण्यात होतं का, सध्या कुठे ठेवलंय. फोन केल्याची वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव कागदावर टिपून ठेवा.

खबरदारी : फोटो काढा, दोन-तीन पुरेत, पण ते पुराव्यासाठी. स्टेटसला किंवा सोसायटीच्या ग्रुपवर पत्त्यासह टाकू नका. "आम्हाला द्या, आमच्याकडे फार्महाऊस आहे" असे फोन तासाभरात सुरू होतात, आणि त्यातले सगळे प्राणिप्रेमी नसतात.

## टप्पा ७ : रात्र काढावी लागली तर

गाडी सकाळी येणार असेल तर कासवाला गरज पाण्याची असते, खाण्याची नाही. ते उपाशी रात्र सहज काढतं. उलट गारठलेल्या, घाबरलेल्या कासवाच्या पोटात अन्न तसंच पडून आंबतं.

कासव शुद्धीवर, हालचाल करणारं असेल, जखम नसेल आणि नाक वाहत नसेल, तरच हे करा. परातीत कोमट पाणी घ्या, मनगटावर टाकल्यावर गरमही वाटू नये आणि गारही. पाणी पाठीचं आणि पोटाचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंतच. कासवाने मान वर न ताणताही त्याचं नाक पाण्याच्या बरंच वर राहिलं पाहिजे. १५ ते २० मिनिटं ठेवा, आणि तेवढा वेळ शेजारी बसा. फोन आला म्हणून उठून जायचं नाही. परातीतही कासव काठावर चढून उलटं पडतं, आणि उलट्या कासवाला दोन बोटं पाणीसुद्धा पुरतं.

त्या वेळात ते पाणी पितं आणि बरेचदा शी-शू करतं. लघवीबरोबर पांढरट, चुन्याच्या निवळीसारखं काही आलं तर घाबरू नका, ते नेहमीचं आहे. ते वाळूसारखं खरखरीत असेल तर कासव बरेच दिवस तहानलेलं आहे, तशी नोंद करा. नंतर कोरडं पुसा, परत खोक्यात.

दुसरा दिवस उजाडूनही कुणी आलं नाही, तर मग खाणं. रानात हे कासव मुख्यतः गवत, पानं, फुलं, पडलेली फळं, निवडुंगाचे तुकडे खातं. आपल्याकडे सहज मिळणारं म्हणजे जास्वंदीची पानं आणि फुलं, दूर्वा किंवा साधं हिरवं गवत, तुतीची किंवा शेवग्याची पानं. फवारणी झालेली नकोत, धुऊन द्या. पोळी, भात, पाव, बिस्किट, दूध, मासे, अ‍ॅक्वेरियमच्या गोळ्या यातलं काहीही नको. काकडी-टोमॅटोने ते मरणार नाही, पण त्यात पाण्याशिवाय फारसं काही नसतं. 'आमचं कासव काकडी आवडीने खातं' हे मला इतक्यांदा ऐकावं लागलंय की आता मी वाद घालत नाही. आवडीने तर ते रंगीत प्लॅस्टिकही चावून बघतं.

### खोक्यात अंडी दिसली तर

मादी नरापेक्षा बरीच मोठी असते, तिची शेपूट आखूड आणि पोटाचं कवच सपाट असतं. नराची शेपूट लांब आणि पोट खोलगट. मोठी मादी अस्वस्थ फिरत असेल, मागच्या पायांनी कागद उकरत असेल, तर तिला अंडी घालायची असू शकतात. एका खेपेला साधारण २ ते १० अंडी.

अंडं फिरवू नका. आहे त्याच स्थितीत वरच्या बाजूला शिसपेन्सिलीने खूण करा. डब्यात किंचित दमट वाळू किंवा माती घ्या आणि खूण वरच राहील अशा बेताने अंडं त्यात अर्धं रोवा. कोंबडीच्या अंड्याला फिरवावं लागतं, कासवाच्या अंड्यात मात्र आतला गर्भ कवचाला चिकटलेला असतो, फिरवलं तर तो मरतो. डबा कासवाबरोबरच ताब्यात द्या. पिल्लं बाहेर यायला दीड महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत कितीही वेळ लागतो, तेव्हा 'उबवून बघू' हा विचार मनातही आणू नका.

## टप्पा ८ : ताब्यात देताना

वनरक्षक किंवा वनपाल येतील, किंवा तुम्हाला वनपरिक्षेत्र कार्यालयात बोलावतील. पंचनामा होईल, तुमचा जबाब घेतला जाईल. जे घडलं ते सांगा, सजवू नका.

देण्याआधी कागदावर पाच गोष्टी हव्यात : सापडल्याची जागा आणि वेळ, कासवांची संख्या, वजन किंवा लांबी, दिलेलं अन्न-पाणी, दिसलेली लक्षणं. याची एक प्रत खोक्याबरोबर जाऊ द्या. विभाग पुढे कासव उपचार केंद्रात पाठवतो, तिथल्या डॉक्टरांना हा कागद सोन्यासारखा असतो. नागपुरात सेमिनरी हिल्सला असं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, इतर मोठ्या शहरांतही विभागाशी जोडलेली केंद्रं आहेत. पण थेट तिथे कासव नेऊन देण्यापेक्षा विभागामार्फत गेलेलं तुमच्या आणि कासवाच्या दोघांच्याही हिताचं, कारण कागद तयार होतो.

तपासा : लेखी पोच घेतली का? त्यावर तारीख, संख्या, घेणाऱ्याचं नाव-पद आणि सही आहे का? पोच न मागणं ही संकोचापोटी होणारी नेहमीची चूक. मागितल्यावर कुणी रागावत नाही.

### कासव सापडलेलं नाही, घरातच आहे, असं असेल तर

असे फोन निम्म्या आवाजात येतात. "आजोबांनी आणलं होतं, पंधरा वर्षं झाली." इथे ४८ तासांची सबब उरत नाही, हे खरं. काळजी वाटत असेल तर आधी वकिलाशी बोला, आणि मग स्वतःहून विभागाकडे जा. रात्री उद्यानात, मंदिराच्या तळ्यात किंवा ओढ्याकाठी सोडून येणं हा सुटकेचा मार्ग नाही. गुन्हा तसाच राहतो, कासव मरतं, आणि हल्ली प्रत्येक गल्लीत कॅमेरा असतो.

## टप्पा ९ : 'निसर्गात सोडून देऊ' हा मोह

विहिरीत, देवळाच्या कुंडात, धरणात सोडलेलं चांदणी कासव बुडतं. हे सांगून झालं.

"मग जंगलात सोडू" हेही चूक, आणि शिकलेली माणसं जास्त करतात. ताम्हिणीचा पाऊस या कासवाला सोसणारा नाही, ते कोरड्या झुडपी मुलखातलं आहे. कोरड्या माळावर सोडलं तरी प्रश्न सुटत नाही. उत्तर-पश्चिमेकडची आणि दक्षिणेकडची चांदणी कासवं जनुकीयदृष्ट्या वेगळी आहेत. तस्करीतून आलेलं कासव कुठलं हे बघून कळत नाही. शिवाय बाजारात, पिशवीत, इतर जातींच्या सोबत राहून ते कुठले रोग घेऊन आलंय हेही बाहेरून दिसत नाही. नाक कोरडं असलेलं कासवसुद्धा रोग वाहून नेतं.

म्हणून अधिकृतपणे सोडायला वेळ लागतो. २०१८ मध्ये सिंगापूरमध्ये पकडलेली ५१ चांदणी कासवं कर्नाटकात परत आणली, तीही विमानतळावरून थेट रानात नेली नाहीत. अशा कासवांना आधी विलगीकरणात ठेवतात, तपासण्या करतात, मग मूळ मुलखात कुंपण घातलेल्या तुकड्यात काही काळ रुळू देतात. काही कासवं कधीच सोडण्याजोगी होत नाहीत, केंद्रातच राहतात. "अजून सोडलं नाही का?" असा महिन्याभराने फोन करून केंद्रातल्या लोकांवर दबाव आणू नका.

## शेवटचं काम : साफसफाई

कासवं साल्मोनेलाचे जंतू बाळगून असतात, तेही आजारी न दिसता. खोका, कागद, गॉज पिशवीत बांधून टाका. टॉवेल वेगळा, गरम पाण्यात धुवा. ज्यांनी ज्यांनी कासवाला हात लावला त्यांनी कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे, लहान मुलांचे मोठ्यांनी धुवायचे. घरात दुसरं कुठलंही कासव असेल तर त्याच्याजवळ त्याच कपड्यांत जाऊ नका. परातीतलं पाणी संडासात ओता, सिंकमध्ये नाही. आणि परात भांड्यांच्या रॅकवर परत लावू नका.